दहाव्याचा फेस

आमच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत कशावरूनही वाद निघतो. एकदा दाढीवरून निघाला. साबण चांगला, क्रीम चांगलं की जेल? एक म्हणाला, साबणाने कातडी कोरडी पडते. दुसरा म्हणाला, क्रीमला तोड नाही. तिसऱ्याने तर आता ब्रश वापरतो कोण, म्हणून दोघांनाही मोडीत काढलं. मी डब्यातली भेंडी संपवत होतो. त्या तिघांपेक्षा मला या विषयातलं जास्त कळतं, कारण मी तिन्ही वापरून बसलोय. पण मी तोंड उघडलं नाही. उघडलं असतं तर काकांविषयी बोलावं लागलं असतं, आणि काकांविषयी बोलायला लागलो की त्यांच्या दहाव्यापाशी येऊन थांबावं लागतं.

काका म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. नाशिकहून दिंडोरीकडे जाणाऱ्या रस्त्याला आमचा मळा आहे. झेंडू, गुलाब, मेथी, कोथिंबीर, मोसम असेल तसं. दोन भावांची दोन घरं समोरासमोर, मधे अंगण आणि अंगणात पेरूचं झाड. काका-काकूंना मूलबाळ झालं नाही. त्यामुळे मी दोन्ही घरांत जेवायचो आणि दोन्ही घरांत बोलणी खायचो. लहानपणी मला कोणी विचारलं, तू कोणाचा, तर मी आधी काकांचं नाव सांगायचो. वडिलांना त्याचं कधी वाईट वाटलेलं मी पाहिलं नाही.

काका बुधवारी आणि रविवारी दाढी करायचे. पहाटे फुलं घेऊन बाजारात जायचं, आठच्या सुमाराला परत यायचं, चहा घ्यायचा आणि पेरूच्या खोडाला ठोकलेल्या खिळ्यावर आरसा अडकवायचा. ॲल्युमिनियमची एक वाटी होती, काठाला पोचा आलेली. तिच्या तळाशी गोल साबण चिकटलेला असायचा. साबण झिजून पापडाएवढा झाला की काका तो नव्या साबणावर ओला करून दाबून बसवायचे. त्यामुळे वाटीतला साबण असा कधी संपलाच नाही. ब्रशाचे निम्मे केस गळलेले होते. उरलेल्या निम्म्यांतून काका एवढा फेस काढायचे की त्यांचे फक्त डोळे आणि नाकाचं टोक दिसायचं. मग काकू घरातून ओरडायची, "झाली का नाय रंगरंगोटी? भाकर गार झाली." दाढी झाली की गालावर तुरटी फिरवायची, वाटी उन्हात उपडी ठेवायची.

मला पहिली दाढी त्यांनीच शिकवली. नव्वदीची सुरुवात असेल, मी अकरावीत होतो. हनुवटीवर चार केस आले होते आणि मला त्या चारांची भारी घाई झाली होती. मी कोरड्या गालावर रेझर लावला. काकांनी माझा हात वरच्या वर धरला.

"मेथी उपटायच्या आधी वाफ्याला पाणी देतो का नाय आपण?" ते म्हणाले. "कोरड्यातून ओढली तर मुळं तुटत्यात. आधी भिजव. मग फेस. लय फेस. मग पातं."

त्यांनी स्वतः ब्रश फिरवून माझं तोंड पांढरं केलं. नाकात साबण गेला, मी शिंकलो, आणि फेस उडून त्यांच्या सदऱ्यावर पडला. त्या दिवशी आम्ही दोघंही खूप हसलो. उत्साहाच्या भरात मी ओठावरची लवही काढायला निघालो, तेव्हा मात्र ते गंभीर झाले. "मिशीला हात नाय लावायचा. बाप हयात हाय तुझा." बाप जिवंत असताना मिशी उतरवायची नाही, हा आमच्याकडचा नियम मला तेव्हा कळला.

कॉलेजात गेल्यावर मी क्रीमवर आलो. ट्यूब पिळायची, ब्रशावर बोटभर घ्यायचं, दोन मिनिटांत फेस तयार. वासही छान. काकांनी ट्यूब उघडून हुंगली आणि म्हणाले, "आळशी माणसाचा साबण हाय हा." चिडवायचे, पण कुठेतरी कौतुक होतं. आपला पोरगा नाशिकला शिकतो, तर त्याने ट्यूब वापरायला हरकत नाही, असं काहीसं. गावी आलो की मी मात्र त्यांचीच वाटी घ्यायचो.

मग मला द्राक्षं परदेशी पाठवणाऱ्या एका कंपनीत नोकरी लागली. दोन हजार सालानंतरची गोष्ट. कंपनी आमच्याच रस्त्याला, घरून मोटारसायकलवर वीस मिनिटं. कामासाठी एकदा मुंबईला दोन दिवस जायचं होतं. आदल्या दिवशी माझी क्रीमची ट्यूब संपली, म्हणून मी काकांची वाटी आणि ब्रश मागून घेतला. त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून दिला, वर एक रबरबँड. लॉजच्या खोलीत माझ्याबरोबरच्या सहकाऱ्याने ती पोचा आलेली वाटी पाहिली आणि त्याला हसू आवरेना. "काय रे, दुकान थाटायला आलास का मुंबईत?"

मी म्हणालो, "गड्याची पिशवी चुकून आली वाटतं."

गडी. काकांना मी गडी म्हणालो. ते ऐकायला तिथे कोणी नव्हतं, पण मी ऐकलं होतं. परतताना एका दुकानातून मी जेलची ट्यूब घेतली. निळसर, आरपार दिसणारं, थंडगार. ब्रश नको, वाटी नको, बोटाने लावायचं. दुकानदार म्हणाला, याला फेसच येत नाही साहेब, कुठे खुंट राहिलंय ते स्पष्ट दिसतं.

घरी काकांनी ते जेल बोटावर घेऊन उन्हात धरलं. "फेसच नाय?"

"नाही. सगळं आरपार दिसतं काका. कापत नाही मग."

"एवढं सगळं दिसून काय करायचं माणसाला?" ते म्हणाले, आणि बोट पेरूच्या खोडाला पुसलं. मी वाटी परत केली. मुंबईत तिच्या मालकाला काय म्हणालो होतो ते सांगायचा प्रश्नच नव्हता.

त्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात काका गेले. झेंडू तोडता तोडता बांधावर बसले, पाणी मागितलं, आणि पाणी येईपर्यंत सगळं संपलं होतं. मूल नसल्याने अग्नी वडिलांनी दिला. मग दहा दिवसांचं सुतक. आमच्याकडे भाऊकीतल्या पुरुषांनी तेवढे दिवस दाढी करायची नाही. दहाव्याला गोदावरीच्या घाटावर जायचं, न्हाव्यासमोर बसायचं, मग आंघोळ करून पुढचे विधी. अग्नी देणाऱ्याचं डोकं, दाढी, मिशी सगळं जातं. माझे वडील हयात, म्हणून माझी फक्त दाढी.

चार दिवसांनी मी कामावर जायला लागलो. हंगाम होता, साहेबांनाही इलाज नव्हता. संध्याकाळी घरी आलो की काकूजवळ जाऊन बसायचो. ती भिंतीला टेकून बसलेली असायची, कोणी बोललं तर बोलायची. पाचव्या की सहाव्या दिवशी तिने माझ्या गालावरून हात फिरवला. खुंटं चांगली टोचण्याइतकी वाढली होती.

"भाऊकीतल्या बायका कुजबुजत होत्या," ती म्हणाली. "म्हणे, पोटचं असतं तर त्याने दुखवटा धरला असता. मी म्हणलं, माझ्या पोराचं तोंड बघा आधी. असू दे रे अशीच. त्यांच्यामागं दाढी राखणारा कोणी हाय, एवढं दिसू दे लोकांना."

मी मान हलवली. तिला दुसरं काही नको होतं. शेतीचा वाटा नको, दागिना नको. लोकांना माझी दाढी दिसावी, एवढंच मागत होती.

नवव्या दिवशी कंपनीत परदेशी पाहुणे यायचे होते, पॅकिंग बघायला. त्यांना फिरवून सगळं समजावून सांगायचं काम माझ्याकडे होतं, आणि त्याचा मला गर्व होता. साहेब चांगला माणूस. आदल्या दिवशी त्यांनी मला बोलावून सांगितलं, "तुझ्या घरी दुःख झालंय, मी त्यांना सांगेन. दाढीचं मनावर घेऊ नकोस." म्हणजे दाढी कर असं मला कोणी सांगितलं नव्हतं. नोकरी जाणार नव्हती. कोणी रागावणारही नव्हतं. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण पुढे कितीतरी वर्षं मी मनातल्या मनात ही गोष्ट सांगताना साहेबांच्या तोंडी भलतीच वाक्यं घालत आलो.

नवव्या दिवशी सकाळी ऑफिसच्या बाथरूममध्ये मी हात धुवायला गेलो. आरशात पाहिलं. पांढरा शर्ट, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र आणि वर ते तोंड. मळ्यातला माणूस दिसत होता. पहाटे फुलांची पाटी घेऊन बाजारात बसणारा. काकांसारखा दिसत होतो, आणि मला त्याची लाज वाटली. बॅगेत जेल होतं, रेझर होता. वाटीत ब्रश फिरवण्याचा आवाज नाही, फेस नाही, कोणाला कळायचं कारण नाही. गालावर जेल चोपडलं आणि पाच मिनिटांत सगळी दाढी बेसिनमध्ये उतरवली. दुकानदार म्हणाला होता तसं एकूण एक खुंट दिसत होतं. मधे कुठेतरी थांबता आलं असतं. मी थांबलो नाही.

पाहुणे आले. त्यांच्यातल्या मुख्य माणसाला छातीपर्यंत दाढी होती.

दिवस संपला आणि मग मला खरी भीती वाटायला लागली. एका दिवसाचा प्रश्न होता, एका दिवसाचा! उद्या घाटावर न्हावी काय कापणार? थंडी होती म्हणून मफलर होता. तो नाकापर्यंत गुंडाळून मी घरी आलो. अंगणात माणसं बसली होती. मी आपणहून सांगत सुटलो, दात ठणकतोय, गार वारा सोसत नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. विचारलं कोणीच नव्हतं.

आत काकूने ऐकलं. तिने त्या दहा दिवसांत कामाला हात लावायचा नाही असं होतं. पण ती उठली, चुलीवर पाणी ठेवलं, त्यात मीठ टाकलं आणि तांब्या घेऊन माझ्याकडे आली. एक लवंगही दिली. "दाताखाली धर," म्हणाली. अगदी जवळ उभी होती. क्षणभर माझ्याकडे बघत राहिली, मग वळून आत गेली. मी तांब्या घेऊन घराच्या मागे गेलो आणि ते गरम पाणी सगळं जमिनीवर ओतून दिलं. ज्या बाईचा नवरा जाऊन नऊ दिवस झाले होते, तिला मी माझ्या खोट्या दातासाठी चुलीपुढे बसवलं. आजही हे आठवलं की मेल्याहून मेल्यासारखं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे घाटावर गेलो. भाऊकीतले पंधरा-वीस पुरुष, बायका थोड्या अंतरावर पायऱ्यांवर, मधोमध काकू. न्हावी कामाला लागला होता. गर्दीचा दिवस, त्यामुळे तो कोणाच्या गालाला नुसतं पाणी लावत होता, कोणाला जरासं क्रीम. आधी वडील बसले. त्यांचं डोकं, मिशी सगळं उतरलं आणि ते एकदम म्हातारे दिसायला लागले. मग त्यांनी मला हाक मारली. मफलर काढायला माझा हात उठेना. भाऊकीतला एकजण म्हणालासुद्धा, "काढ की, नव्या नवरीसारखं काय घेतलंय तोंडावर?" सगळे हसले.

मी बसलो आणि मफलर खाली घेतला. वडील समोरच होते. त्यांनी माझा चेहरा पाहिला. खांद्यावरचं धोतर झटकून ते दोन्ही हातांत धरून उभे राहिले, जणू वाळवतायत असे, माझ्या आणि लोकांच्या बरोबर मधे. मग कापडी पिशवीतून त्यांनी एक वस्तू काढून न्हाव्याच्या हातात दिली. काकांची वाटी. पोचा आलेली, तळाशी साबण, आत तो निम्म्या केसांचा ब्रश.

"याला साबण लाव," ते म्हणाले. "दाट."

न्हाव्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे. मग त्याने असा फेस काढला की मला नाकात साबणाचा वास आला, तोच वास, आणि माझे डोळे भरून आले. गाल, गळा, कानांपर्यंत सगळं पांढरं झाल्यावर वडील धोतर खांद्यावर टाकून बाजूला झाले. न्हाव्याने वस्तरा घेतला. दाढीच्या केसांवरून वस्तरा फिरताना खरखर आवाज होतो. तो झाला नाही. पण तो माणूस दर फटक्याला वस्तरा कागदावर पुसत होता, मान तिरकी करून बघत होता, हनुवटीपाशी तर पुन्हा एकदा उलटा फिरवला. नसलेली दाढी त्याने पुरी दहा मिनिटं केली. शेवटी गालावर तुरटी फिरवली. वाटी त्यालाच देऊन टाकायची होती, गेलेल्या माणसाची वस्तू म्हणून. त्याने ती कपाळाला लावून आपल्या पेटीत ठेवली.

पुढचे विधी झाले. कावळा लगेच शिवला. मला वाटलं होतं शिवणार नाही. पण काका जिवंतपणीही कोणाला ताटकळत ठेवायचे नाहीत.

परत निघताना काकूने मला जवळ बोलावलं. भाऊकीतल्या बायका भोवती होत्या. तिने सगळ्यांसमोर माझ्या गालावर हात ठेवला आणि मोठ्याने म्हणाली, "दहा दिवस दाढी राखली माझ्या पोरानं. आज उतरवली. पोटचा याहून काय करतो?" बायकांनी माना डोलावल्या. मी खाली बघत उभा होतो. बिचारीला काहीच माहीत नाही, असं मला वाटत होतं, आणि धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

वडिलांनी तो विषय कधीच काढला नाही. मीही नाही. आणि मी काही शपथबिपथ घेतली असं समजू नका. आठवड्याने तीच जेलची ट्यूब वापरायला घेतली आणि संपेपर्यंत वापरली. नंतर दुसरी आणली.

पाच-सहा वर्षांनी वडिलांचा उजवा हात अर्धांगाने गेला. त्यांची दाढी मी करायला लागलो. अंगणात खुर्ची टाकायची, पंचा गुंडाळायचा. पहिल्या दिवशी मी सवयीने जेल आणलं. त्यांनी डाव्या हाताने ट्यूब बाजूला सारली.

"साबण नाय का?"

"वाटी त्या दिवशी न्हाव्याला दिली ना," मी म्हणालो. इतक्या वर्षांत 'त्या दिवशी' हा शब्द आमच्यात पहिल्यांदाच आला. मग राहवलं नाही. म्हणालो, "दादा, तुम्हाला आधीच कळलं होतं ना? म्हणून वाटी बरोबर आणली होती."

त्यांनी पेरूच्या झाडाकडे पाहिलं. खिळा अजून होता, आरसा नव्हता.

"मला कुठलं कळतंय?" ते म्हणाले. शब्द जड यायचे, पण स्पष्ट होते. "निघताना तुझ्या काकूने ती पिशवीत टाकली. म्हणली, भाऊजी, पोराला साबणच लावायला सांगा, दाट. मला वाटलं, बाईची इच्छा हाय, आपल्याला काय. तू मफलर काढला तेव्हा कळलं, ती तसं का म्हणली."

मी रेझर खाली ठेवला. आदल्या संध्याकाळी ती तांब्या घेऊन माझ्या जवळ उभी होती. त्या जेलला थंड, औषधी वास यायचा. तीस-पस्तीस वर्षं दर बुधवारी नि रविवारी ज्या बाईने दाढीच्या साबणाचा वास घेतला, तिला दाढीचा वास कळणार नव्हता होय? ती कळून गप्प राहिली. आणि दुसऱ्या दिवशी साऱ्या भाऊकीसमोर माझ्यासाठी खोटं बोलली.

वडिलांची दाढी त्या दिवशी अंघोळीच्या साबणाने केली. झाली तशी झाली. मग पंचा झटकला आणि अंगण ओलांडून काकूच्या दारात गेलो. ती उंबऱ्याच्या आत बसून झेंडूचे हार ओवत होती. दसरा जवळ आला होता. मी चौकटीला धरून उभा राहिलो. घाट, वाटी, मुंबईची लॉज, गडी, सगळं एकदम तोंडाशी आलं होतं.

तिने सुई थांबवून वर पाहिलं. माझं तोंड बघितलं, अंगणातल्या खुर्चीवर बसलेल्या वडिलांकडे बघितलं.

"काय रे," ती म्हणाली, "दात दुखतोय का परत?"

मी म्हणालो, "हो."

ती गुडघ्यावर हात देऊन उठली. पातेल्यात पाणी घेतलं, मीठ टाकलं आणि गॅसवर ठेवलं. कोमट झाल्यावर तांब्या माझ्या हातात दिला. या वेळी मी घरामागे गेलो नाही. तिथेच तिच्यासमोर, मोरीवर वाकून, तांब्या रिकामा होईपर्यंत चुळा भरत राहिलो.